तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरमधली हद्द

रविवार, १६ एप्रिल १९५०, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. देवासच्या मार्तंड मोटर सर्व्हिसच्या पत्र्याच्या शेडमध्ये संताजी धायबर बसच्या उजव्या मडगार्डवर पोट टेकवून इंजिनात वाकले होते आणि ब्लॉकचा माथा खरवडत होते. हेड आदल्या संध्याकाळीच उतरवून गोणपाटावर ठेवलं होतं. सहाही सिलिंडरांच्या तोंडांत चिंध्यांचे बोळे कोंबलेले होते, कचरा आत पडू नये म्हणून. ड्रायव्हरने रेडिएटर कोरडा असताना गाडी चढावर दामटली होती, त्याची ही फळं. हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसणारं गॅसकेट, म्हणजे तांब्याच्या दोन पातळ पत्र्यांत ॲस्बेस्टॉस दाबून केलेली भोकाभोकांची पट्टी, जळून लोखंडाला धरलं होतं. पातेल्याच्या बुडाला दुधाची खरवड धरते तसं. नवं गॅसकेट बसवायचं तर आधी हा माथा काचेसारखा साफ आणि सपाट व्हायला हवा. जुन्या गॅसकेटची चिमूटभर खपली राहिली तरी तेवढ्या फटीतून वायू निसटतो, पाणी भलतीकडे जातं आणि गाडी उभी राहते.

संताजींना हे सगळं ठाऊक होतं. मात्र ते पुढच्या तीन सिलिंडरांपुरतं त्यांच्या अंगावर होतं.

मागची तीन सिलिंडरं विठोबा शेळक्याची. तो डाव्या मडगार्डवर तसाच ओणवा झाला होता, आणि गेला तासभर दोघे एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. बोलायला हरकत नव्हती. विठोबा हा संताजींच्या बायकोचा, सुभद्राबाईंचा, चुलतभाऊ. पण संताजी थोरल्या पातीचे आणि विठोबा धाकट्या पातीचा, आणि देवासात हे नात्याच्या आधी येत असे.

बाहेरगावच्या वाचकाला सांगायला हवं. पवारांच्या दोन भावांनी फार पूर्वी देवास वाटून घेतलं. गाव एक, राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन गाद्या, दोन कचेऱ्या आणि पुढे मोटारी आल्या तेव्हा दोन मोटारखाने. संताजी थोरल्या पातीच्या मोटारखान्यात चाकं धुण्यापासून चढत हेड मिस्त्री झाले. विठोबा धाकट्या पातीच्या मोटारखान्यात हेड मिस्त्री झाला. दोघांवर पलीकडच्या गाडीला हात लावायची वेळ एकदाही आली नाही, आणि दोघांनाही खात्री होती की पलीकडच्या गाड्या नशिबावर चालतात. दोन वर्षांमागे दोन्ही राज्यं मध्य भारतात विलीन झाली. नकाशावरची रेघ पुसली गेली. माणसांच्या डोक्यातली रेघ पुसायचा हुकूम कुणी काढला नव्हता, त्यामुळे ती जागच्या जागी होती.

मार्तंड मोटर सर्व्हिस ही मल्हारराव आटोळे यांची. मल्हाररावांची वतनाची जमीन दोन्ही पात्यांत होती, म्हणून त्यांचा मुजराही दोन्हीकडे असे आणि राग कुणाचाच परवडत नसे. राज्यं गेल्यावर त्यांनी लष्करी लिलावातली एक लॉरी घेतली, तिच्यावर बाकं ठोकली आणि देवास-नेमावर फेरी सुरू केली. मिस्त्री ठेवताना जुनी सवय उफाळून आली. एक थोरलीचा ठेवला, तर दुसऱ्या दिवशी धाकटीचा ठेवला. दोघांना सारखा पगार, सारखी खुर्ची, सारखा पितळी तांब्या. एका बसला दोन हेड मिस्त्री आणि हाताखाली कुणीच नाही.

शनिवारी बस बंद पडली तेव्हा काम कुणी करायचं हा प्रश्न मल्हाररावांनी दरबारी पद्धतीने सोडवला.

"सहा सिलिंडर आहेत. तीन संताजीराव, तीन विठोबा. तक्रार नको."

मग त्यांनी घसा खाकरून दुसरी गोष्ट सांगितली. सोमवारी सोमवती अमावस्या. नेमावरला नर्मदास्नानाला जायला जवळजवळ अख्खी बस आधीच भरलेली. गाडी रविवारी दिवस मावळायच्या आत धडधाकट चालली तर ठीक. नाहीतर ती धारचे उदाजीराव जगदाळे जशी आहे तशी घेऊन जाणार. उदाजीरावांना धार-निसरपूर फेरीला बस हवीच होती. ते शनिवारीच येऊन शेडसमोरच्या मल्हाररावांच्या ओटीवर उतरले होते.

बस धारला गेली की देवासात दोन हेड मिस्त्री उरणार आणि मोटार उरणार नाही. बावन्न वर्षांच्या संताजींसाठी कापसाच्या जिनिंगच्या कारखान्यात फाटकावर बसायची जागा कुणीतरी बघून ठेवली होती. काठी कारखान्याची, टोपी स्वतःची. त्या फाटकातून पुढची वीस वर्षं दुसऱ्यांच्या मोटारी आत-बाहेर जाताना बघायच्या, हे संताजींना मरणाहून वाईट वाटत होतं. घरी त्यांनी तसं बोलून दाखवलं नव्हतं. सुभद्राबाईंना ते न सांगता कळलं होतं, कारण रात्री जेवताना त्यांनी आमटीला नाव ठेवलं नाही.

साडेदहाच्या सुमारास दोघांची खरवडणी संपली. काम खरोखर देखणं झालं होतं. संताजींनी जुनी कानस घासून केलेल्या खरवडणीने एकही ओरखडा न काढता लोखंड उघडं केलं, बोल्टांच्या भोकांतला गाळ तारेने काढला, रॉकेलच्या फडक्याने पुसलं, मग कोरड्याने पुसलं. विठोबानेही तेच केलं. प्रत्येकजण दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने बघून दुसऱ्यापेक्षा एक फडका जास्त फिरवत होता. शेवटी दोघे थकले आणि दोघांनी मान वर केली. बोळे काढले, गॅसकेट ठेवलं, हेड चढवलं, संताजींनी पुढच्या टोकाकडून बोल्ट आवळायला घेतले, विठोबाने मागच्या टोकाकडून. रेडिएटर भरला. हँडल मारलं.

इंजिन सुरू झालं, आणि पहिल्या दहा आचक्यांतच लंगडू लागलं. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे आले. मग पाण्याची चूळ भरून फेकावी तसा फवारा उडाला आणि ओटीवरून बघायला आलेल्या उदाजीरावांच्या पांढऱ्या धोतरावर पडला.

"असू द्या, असू द्या," उदाजीराव धोतर झटकत म्हणाले. ते खूष दिसत होते. "आपल्याच गाडीचं पाणी."

मल्हाररावांनी दोन्ही मिस्त्र्यांकडे पाहिलं. "एक गॅसकेट गेलं ना?"

"गेलं, सरकार."

"दुसरं आहे."

दुसरं होतं, कारण मल्हाररावांनी इंदूरहून माल मागवताना प्रत्येक वस्तू दोन्ही पात्यांच्या नावाने एकेक मागवायची वहिवाट सोडली नव्हती. पहिलं थोरलीच्या मानाचं लागलं होतं. आता धाकटीच्या मानाचं उरलं होतं. तिसरी पाती देवासात नव्हती, त्यामुळे तिसरं गॅसकेटही नव्हतं.

हेड पुन्हा उतरवलं, सिलिंडरांत पुन्हा बोळे कोंबले. आणि मग सगळ्यांना दिसलं.

तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मध्ये बोटभर रुंदीची एक पट्टी ब्लॉकच्या या काठापासून त्या काठापर्यंत जशीच्या तशी काळी होती. जुन्या गॅसकेटची खपली तिच्यावर शाबूत होती. अलीकडे संताजींचं लोखंड चमकत होतं, पलीकडे विठोबाचं. मधल्या पट्टीला दोघांपैकी कुणीही शिवलं नव्हतं.

"दाजी," विठोबा म्हणाला, "ही तुमची बाजू."

"माझी तिसऱ्यापर्यंत. तिसरा संपला तिथं मी थांबलो."

"आणि मी चौथ्यापासून. चौथा जिथं सुरू होतो तिथून."

"मग मधलं कुणाचं?"

"ते तुम्ही विचारायचं होतं. थोरले तुम्ही."

"विचारलं असतं तर म्हणाला असतास, थोरलीवाले आमच्या हद्दीत घुसतात."

"घुसतातच ना! नेहमीचंच आहे."

उदाजीराव हसले. "आमच्या धारला हे मधलं-बिधलं काही नसतं. एक गाव, एक गादी."

"म्हणून तर तुमचा एकुलता एक मिस्त्री इंदूरला पळाला, उदाजीराव," विठोबा म्हणाला. या एका बाबतीत तो आणि संताजी एका मताचे होते, पण संताजींनी ते तोंडावर दिसू दिलं नाही.

संताजींना मात्र आपलं लग्न आठवलं. सासुरवाडीच्या बोळात वादळाने कडुलिंब आडवा पडला होता. शेंडा थोरलीच्या हद्दीत, बुंधा धाकटीच्या. दोन्हीकडच्यांनी आपापला वाटा कापून नेला आणि हद्दीवरचा हातभर ओंडका कुणी उचलला नाही. वरातीची घोडी त्याच्यावरून उडी मारून गेली आणि नवरदेवाचं बाशिंग गटारात पडलं. बत्तीस वर्षं ही गोष्ट ते धाकट्या पातीच्या नालायकपणाचा दाखला म्हणून सांगत आले होते. ओंडक्याचा अर्धा भाग आपल्याकडचा होता, हे त्यांच्या लक्षात आज पहिल्यांदा आलं, आणि ते त्यांना आवडलं नाही.

"ती पट्टी दोघांनी करा," मल्हारराव म्हणाले.

हा हुकूम पहिल्यापेक्षा महागात पडला. सकाळी पट्टीला कुणी शिवत नव्हतं. आता दोघेही तिच्यावर तुटून पडले. संताजी अलीकडून खरवडत, विठोबा पलीकडून. खपली केव्हाच निघाली होती. पण विठोबा थांबेपर्यंत संताजी थांबेनात, आणि दाजी थांबेपर्यंत विठोबा थांबेना. आधी थांबेल त्याची हद्द तिथं ठरणार, असा दोघांचा समज. बिडाच्या लोखंडाची काळी भुकटी उडत राहिली. शेवटी दोघांच्या खरवडण्या मधोमध एकमेकींवर खट्टकन आपटल्या, तेव्हा ते थांबले.

संताजींनी पोलादी पट्टी ब्लॉकवर उभी ठेवली आणि मागे विठोबाला कंदील धरायला लावला. पट्टी दोन्ही टोकांना घट्ट बसली होती. मध्यभागी, तिसऱ्या-चौथ्याच्या बरोबर मध्ये, तिच्याखालून उजेडाची रेघ दिसली. दाढीच्या पात्याएवढी, पण दिसली.

संताजींनी कंदील खाली ठेवायला सांगितलं. उंचवटा असता तर घासून टाकता आला असता. खळगा भरून काढता येत नाही. आता सगळा माथा, सहाच्या सहा सिलिंडरांवरचा, त्या खळग्याच्या पातळीला उतरवायला हवा होता. दुपारचा एक वाजत आला होता. त्यांच्या डोळ्यांपुढे जिनिंगचं फाटक आलं, त्याच्या बिजागऱ्यांसकट.

"काय झालं?" मल्हाररावांनी विचारलं.

"हद्द खोल गेली, सरकार," संताजी म्हणाले.

भाकरीची फडकी घेऊन सुभद्राबाई तेवढ्यात आल्या होत्या. एक नवऱ्यासाठी, एक भावासाठी. त्यांनी ब्लॉककडे पाहिलं, दोघांच्या काळ्या तोंडांकडे पाहिलं आणि दोन्ही फडकी एकाच पत्र्याच्या पेटीवर ठेवली.

"आता काय लागतं?"

"सपाट काच," संताजी म्हणाले. "जाड. लांब. तिला एमरीचा, घासायचा कागद चिकटवून सगळं एकसारखं घासायचं. देवासात अशी काच नाही."

"आहे की. सरकारांच्या कपाटात."

मल्हारराव दचकले. त्यांच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट होतं, आणि मधली फळी बिलोरी काचेची, बोट बोट जाडीची. "त्या फळीवर आजोबांची पगडी असते, सुभद्राबाई."

"पगडी खुंटीवर राहील, सरकार. बस खुंटीवर राहत नाही."

पगडी खुंटीवर गेली. फळी शेडमध्ये आली. संताजींनी तिला खळीने एमरी चिकटवली, वर थोडं रॉकेल शिंपडलं आणि ब्लॉकवर आडवी ठेवली. तेव्हा एक अडचण लक्षात आली. फळी एकट्याने चालवली की दाब एकीकडे पडत होता. ती सरळ चालवायची तर दोन्ही टोकांना एकेक माणूस हवा, आणि एकाने ओढताना दुसऱ्याने तेवढंच सोडायला हवं. अर्धं-अर्धं करायची सोयच नव्हती.

विठोबाने दुसरं टोक धरलं. "ओढू, दाजी?"

"ओढ. दाबू नको."

"दाबत नाही. तुम्ही दाबताय."

"अरे, हळू! जात्यावर बसल्यासारखा काय हिसडे देतो?"

"बसलोच आहोत जात्यावर," विठोबा म्हणाला. "जातं नाही तर काय हे?"

"मग ओव्या तरी म्हणा," सुभद्राबाई म्हणाल्या. "पहिली थोरलीची, दुसरी धाकटीची. भांडण नको."

दर थोड्या वेळाने ते थांबत, माथा पुसत, पोलादी पट्टी उभी करत आणि कंदिलाचा उजेड बघत. रेघ बारीक होत गेली. भाकरी दोघांनी एकाच पेटीवर बसून खाल्ल्या, एकमेकांकडे पाठ करून. उदाजीराव ओटीवरून तीनदा येऊन बघून गेले. तिसऱ्या खेपेला ते जाताना पुटपुटले, "आमच्याकडे असती तर एव्हाना निसरपुरात पोचली असती." पाच वाजायला आले तेव्हा उजेडाची रेघ पट्टीखालून नाहीशी झाली. संताजींनी कंदील पुढे-मागे करून पाहिला. मग पट्टी विठोबाच्या हातात दिली. विठोबानेही पाहिलं.

"नाही दिसत," तो म्हणाला.

बोळे काढले. एमरीची भुकटी पुसली, पुन्हा पुसली. बोल्टांच्या भोकांत उतरलेलं रॉकेल चिंधीने टिपलं. धाकटीच्या मानाचं गॅसकेट ठेवलं, हेड चढवलं. आता आवळायचं.

आणि इथं सगळं पुन्हा अडलं. संताजींना इंदूरच्या एका पारशी मिस्त्रीने तरुणपणी शिकवलं होतं की हेडचे बोल्ट टोकाकडून कधी आवळू नयेत. मधल्या बोल्टापासून सुरू करून दोन्हीकडे बाहेर जावं, म्हणजे गॅसकेट ताणून पसरतं. सकाळी दोघांनी आपापल्या टोकाकडून आवळलं, तेव्हा संताजींना हे आठवलं होतं. पण मधल्या बोल्टाची गोष्ट काढली असती तर मधला बोल्ट कुणाचा ही गोष्ट निघाली असती. म्हणून ते गप्प राहिले होते. आता गप्प राहायला तिसरं गॅसकेट नव्हतं.

"मधला आधी," ते म्हणाले.

विठोबाने पाना उचलला. संताजींनीही पाना उचलला.

"गॅसकेट आमच्या मानाचं आहे, दाजी. पहिला आटा माझा."

"हेड मिस्त्री मी तुझ्याआधी चार वर्षं झालो."

"तुमच्या राज्यात."

"राज्यं दोन्ही गेली, गाढवा."

"मग मान कसला मागता?"

मल्हाररावांनी कुणाचंही नाव घेतलं तरी निम्मं गाव दुखावणार होतं. सूर्य शेडच्या पत्र्याखाली उतरून थेट डोळ्यांत येत होता. संताजींनी मनाशी हिशेब केला. पहिला आटा विठोबाला दिला तर सासुरवाडीच्या प्रत्येक लग्नात, बारशात आणि तेराव्याला ही गोष्ट मरेपर्यंत ऐकावी लागणार. नाही दिला तर फाटक. दोन्ही असह्य. आणि मग ओटीवर पाय हलवत बसलेले उदाजीराव त्यांच्या नजरेला पडले.

"सरकार," संताजी आवाज चढवून म्हणाले, "पवारांची मोठी गादी कुठली? धारची. धारचे पाहुणे घरात असताना पहिला आटा आपण द्यायचा, हे रीतीला धरून होईल का?"

विठोबाने दाजींकडे बघितलं. मग पाना खाली केला. "नाही होणार," तो म्हणाला. "मान धारचा."

उदाजीराव उठून उभे राहिले. त्यांना बस हवी होती. तो बोल्ट जितका नीट आवळला जाईल तितकी बस त्यांच्यापासून लांब जाणार, हे त्यांना समजत नव्हतं असं नाही. पण दोन्ही पात्यांचे लोक भर शेडमध्ये धारचं थोरपण मान्य करत होते, आणि हे असं पूर्वी कधी घडल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

"म्हणजे धारची गादी मोठी, हे देवास कबूल करतं?"

"या बोल्टापुरतं करतं," संताजी म्हणाले.

उदाजीरावांनी पागोटं सारखं केलं. मल्हाररावांनी घाईघाईने पान्याला हळदकुंकू लावायला सांगितलं. उदाजीरावांनी पाना धरला, डोळे मिटले आणि सगळ्या धारची लाज आपल्या मनगटावर असल्यासारखा बोल्ट आवळला.

"बस, बस," संताजी म्हणाले. "तुटेल."

पुढचे बोल्ट मधून बाहेर, एक संताजींचा, एक विठोबाचा, आणि मग सगळे पुन्हा एकदा, थोडे थोडे. सहाला पाच कमी असताना रेडिएटर भरला. हँडल विठोबाने मारलं. इंजिन सुरू झालं. सगळे रेडिएटरच्या तोंडाशी डोकी भिडवून उभे राहिले. बुडबुडा आला नाही. पाणी हळूहळू तापलं, बुडबुडा आला नाही. संताजींनी तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये, हेडच्या काठाशी, बोटाने चाचपलं. बोट कोरडं होतं.

बस शेडमधून निघून टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेली आणि दिवस मावळायच्या आत परत आली. मल्हाररावांनी सौदा मोडला. उदाजीरावांनी फारसं वाईट वाटून घेतलं नाही; देवासच्या दोन्ही पात्यांनी काय कबूल केलं ते धारमध्ये सांगायला त्यांना सकाळची पहिली गाडी धरायची होती. विठोबा हात धूत म्हणाला, "दाजी, ते बोल्टापुरतं होतं, हे ते सांगणार नाहीत."

"नाही सांगणार," संताजी म्हणाले. "तू सांग की."

"तुम्ही सांगा. थोरले तुम्ही."

मार्तंड मोटर सर्व्हिसची बस सोमवारी सकाळी सहा वाजता देवासहून नेमावरला सुटेल. नव्या गॅसकेटचे बोल्ट पहिल्या लांब फेरीनंतर, इंजिन पुरतं थंड झालं की, पुन्हा आवळावे लागतात. त्यामुळे ड्रायव्हरमागच्या बाकावरच्या दोन जागा, दोन्ही हेड मिस्त्र्यांसाठी, विकलेल्या नाहीत.